रांधले कोणी आणि रांधले काय?

हॉटेलात जाऊन जेवणे ही आपल्याकडची फार जुनी रीत नाही. पूर्वी प्रवासाला निघालेला माणूस भाकरी-दशम्या फडक्यात बांधून घेई, धर्मशाळेत तीन दगडांची चूल मांडी, नाहीतर आपल्या जातीच्या घराचा पत्ता विचारत जाई. परक्याच्या हातचे पैसे मोजून खाण्याची पाळी सर्वसामान्य माणसावर आणली ती मुख्यत: रेल्वेने. त्या रेल्वेचा एक अत्यंत अवघड टप्पा आमच्या मावळच्या डोंगरात आहे. तेव्हा बाहेर जेवताना माणूस काय विचारत आला आणि त्याने काय विचारायला हवे, याचा शोध लोणावळ्या-खंडाळ्याच्या वाटेवरून घ्यावा असे आम्हाला वाटते.

या वाटेवर जेवणाची पहिली लेखी नोंद मात्र रेल्वेच्या कितीतरी आधीची आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात ब्राह्मी लिपीतला एक प्राकृत लेख आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने वलूरक येथील लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक नावाचे गाव दान दिले, असे त्यात कोरले आहे. पावसाळ्यात वर्षावासाला जो कोणी तेथे राहील त्याला, पंथ आणि मूळ न पाहता, या दानाचा लाभ मिळावा अशी त्याची अट आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट. त्या भिक्षूंनाही खाण्याचे नियम होतेच. माध्यान्ह उलटली की जेवायचे नाही, हा त्यांतला एक. पण तो नियम भिक्षूने स्वत:वर घालून घेतला होता, पात्रात अन्न घालणाऱ्यावर नव्हे. पथ्य आणि विटाळ यांतला फरक तो हाच.

पुढे १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला. १८५६ साली आगगाडी खोपोलीपर्यंत आली आणि १४ जून १८५८ रोजी खंडाळा-पुणे लोहमार्ग सुरू झाला. मधला घाट उतारू पालखीतून, तट्टावरून किंवा पायी चढत. २१ एप्रिल १८६३ रोजी घाटातला लोहमार्ग खुला झाला तेव्हा ही तुटलेली वाट जोडली गेली. पंचवीस बोगद्यांच्या या कामावर एका हंगामात चाळीस हजारांवर मजूर राबत होते. त्यांतले किती मेले, याचे स्मारक आपण बांधले नाही. मात्र लोणावळ्यात असे सांगतात की, या मजुरांना विकल्या जाणाऱ्या गूळ-शेंगदाण्याच्या गुडदाणीतूनच आजची चिक्की जन्मली.

आगगाडीने सर्वांना एका डब्यात बसवले, पण एका घागरीचे पाणी पाजले नाही. देशभरच्या स्टेशनांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' अशा वेगळ्या सोयी होत्या, चहाही वेगळा होता आणि हा प्रकार थेट स्वातंत्र्याच्या उंबरठ्यापर्यंत चालला. दलित उतारूला तर दोन्हीकडे ओंजळच पुढे करावी लागे. पाण्यात काय आहे हे कोणी विचारत नव्हते. पाणी कोणाचे, एवढाच सवाल होता.

शहरातल्या शिकलेल्यांची स्थिती वेगळी नव्हती. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे वृत्तपत्रात छापून आणली आणि पुण्यात मोठे ग्रामण्य उभे राहिले. वाद शंकराचार्यांपर्यंत गेला, प्रायश्चित्ते झाली. त्या चहाने कोणाचे पोट बिघडल्याची तक्रार नव्हती. तक्रार कपबशी पुढे करणाऱ्या हाताबद्दल होती.

याच काळात मुंबई-पुण्यात इराण्यांची हॉटेले उघडली. दुधाच्या चहाच्या कपाने आणि मस्का-पावाने जे काम केले ते कित्येक परिषदांना साधले नाही. पारशी, मुसलमान, मराठा, दलित गिरणीकामगार एकाच छताखाली संगमरवरी टेबलांवर बसू लागले. पुढे १९४५-४६ मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यात कैदेत असलेल्या आझाद हिंद सैनिकांना हिंदू चहा आणि मुसलमान चहा वेगळा दिला जाई. दोन्ही चहा एकत्र ओतून आम्ही अर्धा-अर्धा पितो, असे त्यांनी गांधीजींना सांगितले होते. नंतर राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाने सार्वजनिक उपाहारगृहांचे दार धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही बंद करता येणार नाही असे बजावले. 'रांधले कोणी?' हा प्रश्न कायद्याच्या लेखी संपला.

पण 'रांधले काय?' हा प्रश्न संपलेला नाही आणि संपूही नये. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. उर्दूत 'परहेज' हा फार बोलका शब्द आहे. हकीम रोग्याला सांगतो ते परहेज, आणि जो अल्लाहच्या धाकाने वाईटापासून दूर राहतो तो परहेजगार. मराठीतला 'पथ्य' हा शब्दही असाच औषधापासून आचरणापर्यंत पसरला आहे. आपल्या पूर्वजांनी शरीराचे आणि श्रद्धेचे पथ्य एकाच शब्दात ठेवले, यात शहाणपण आहे. दोन्हीत माणूस स्वत:ला आवरतो, दुसऱ्याला हिणवत नाही.

आमच्या शाळेची सहल कार्ला-लोणावळ्याला जाते तेव्हा अनोळखी हॉटेलात आम्ही मुकाट्याने शाकाहारी होतो. गोश्त हलाल आहे का, असे विचारले की शेजारच्या टेबलावरच्या माना वळतात. त्यापेक्षा डाळ-भात बरा. त्याच हॉटेलात कोणी 'जैन पावभाजी' मागितली तर भटारखान्यात हाक जाते आणि कांदा-लसूण बाजूला राहतो. उपवासवाला साबुदाण्याच्या खिचडीत काय-काय घातले ते विचारून घेतो, माळकरी रश्श्याची कढई वेगळी आहे ना याची खात्री करतो. त्यांना कोणी हसत नाही, आणि हसू नयेच. आमचे म्हणणे एवढेच की, हा मान प्रत्येकाच्या प्रश्नाला मिळावा.

कारण काहींच्या बाबतीत हा प्रश्न जिवावर बेततो. ॲलर्जी हा शब्द व्हिएन्नाचे डॉक्टर क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये रूढ केला. आपल्याकडे 'सोसत नाही', 'अंगावर उठते' असे म्हणून विषय संपवतात. पण शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असलेल्याचा चिमूटभर कुटानेही घसा सुजू शकतो, श्वास कोंडू शकतो. आणि आमच्या या मुलखात दाण्याचा कूट कोठे नसतो? कोशिंबिरीत, खिचडीत, भरल्या वांग्यात, वडापावच्या सुक्या चटणीत तो असतोच. एकाच पाटावर, एकाच लाटण्याने आधी शेंगदाण्याची आणि मग तिळाची चिक्की लाटली, तर तिळाची चिक्कीही त्या माणसाला निर्धोक राहत नाही. एका सहलीत आमच्या एका विद्यार्थिनीसाठी आम्ही वाढप्याला विचारले तेव्हा उत्तर आले, "थोडासाच कूट आहे, मॅडम, काही होत नाही." त्या बिचाऱ्याच्या मनात खोट नव्हती, त्याला कोणी शिकवले नव्हते. मुलीने डब्यातली चपाती खाल्ली.

कायदा हळूहळू जागा होतो आहे. अन्नाच्या पाकिटांवर शाकाहारी-मांसाहारी खुणा या शतकाच्या आरंभी आल्या. २००६ मध्ये अन्नसुरक्षेचा नवा कायदा झाला. १ जुलै २०२२ पासून केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा व अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांवर पदार्थातल्या ॲलर्जीकारक घटकांची माहिती देण्याचे बंधन आले. गहू, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, सोयाबीन यांचा त्या यादीत समावेश आहे. पण द्रुतगती मार्गावरच्या मोठ्या साखळी हॉटेलाला लागू होणारा हा नियम कामशेतच्या नाक्यावरच्या छोट्या हॉटेलाला लागू नाही. तेथे माहिती देणार आचारी आणि विचारणार गिऱ्हाईकच.

दुसरीकडे जुना प्रश्न पुन्हा डोके वर काढतो आहे. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या वाटेवरील खानावळवाल्यांना मालकाचे नाव पाटीवर लिहिण्यास सांगण्यात आले. २२ जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाने ते थांबवले. कोणते अन्न मिळते ते लिहायला सांगता येईल, मालकाचे आणि नोकरांचे नाव लिहिण्याची सक्ती करता येणार नाही, असा त्या आदेशाचा आशय होता. 'रांधले काय?' आणि 'रांधले कोणी?' यांमधली सीमारेषा न्यायालयाने आखून दिली.

ती रेषा आपण टेबलावर बसतानाही पाळली पाहिजे. आमच्यातही हॉटेलाच्या पाटीवरचे नाव वाचून आत शिरणारे आणि मागे फिरणारे लोक आहेत. त्यांना आमचे सांगणे आहे की, नाव वाचू नका, आत जा आणि पदार्थ विचारा. आणि हॉटेलवाल्यांना विनंती आहे की, आचाऱ्याची जात कोणी विचारली तर सांगू नका, पण आमटीत काय आहे असे कोणी विचारले तर गल्ल्यावरून उठून, भटारखान्यात डोकावून, खरे तेच सांगा.