विपश्यना, तुरुंगांतील

श्वास आणि शारीरिक संवेदना यांच्या निरीक्षणातून आवेग आवरण्याची, कारागृहांत शिबिररूपाने शिकवली जाणारी दहा दिवसांची साधना. प्रवर्तक सत्यनारायण गोएंका (१९२४–२०१३). त्यांचे गुरू ब्रह्मदेशातील सयाजी ऊ बा खिन. प्रमुख केंद्र इगतपुरीचे धम्मगिरी (१९७६).

पद्धत : पहाटे चारला घंटा होते. बोलणे बंद, खाणाखुणाही बंद. पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे नाकपुड्यांशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर लक्ष. चौथ्या दिवशी विपश्यना दिली जाते आणि रोज तीनदा ‘अधिष्ठान’ सुरू होते : तासभर हातपाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. गुडघ्याला खाज सुटली तरी खाजवायचे नाही. ती वाढते, टिपेला जाते, विरते, एवढेच पाहायचे. रागाचीही हीच गत, असे साधक मानतात. शिवी ओठांवर येण्याआधी कानशिले तापतात, मुठी वळतात; ते वेळीच कळले, तर हात उगारण्याआधी थोडी सवड मिळते. राग गिळणे येथे अभिप्रेत नाही.

इतिहास : पहिले शिबिर १९७५ मध्ये जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात झाले. काही कैद्यांना बेड्यांसह आणलेले पाहून, त्या काढल्याशिवाय शिकवणार नाही, असे गोएंकांनी सांगितले. किरण बेदी दिल्लीच्या तिहार कारागृहाच्या महानिरीक्षक असताना तेथे नोव्हेंबर १९९३ मध्ये शिबिर भरले. एप्रिल १९९४ च्या शिबिरात हजाराहून अधिक कैदी बसले. त्यावरील माहितीपट (१९९७) आयेलेत मेनाहेमी व एइलोना एरिएल यांचा. अमेरिकेत सिॲटल (१९९७) आणि अलाबामातील डोनाल्डसन (२००२) येथील कारागृहांत शिबिरे झाली.

परिणाम : तिहारमधील पाहणीत वैरभाव, चिंता व नैराश्य कमी झाल्याचे आढळले. मात्र शिबिर ऐच्छिक असते. ज्याला आधीच बदलायचे आहे तोच नाव देतो, हा आक्षेप राहतो. सिॲटलच्या अभ्यासात (२००६) सुटकेनंतर तीन महिन्यांनी साधकांचे व्यसन इतरांहून कमी होते.

स्वतःला इजा करण्याची प्रवृत्ती : आवेगाच्या या प्रकारावर मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांची वेगळी उपचारपद्धती (चाचणी १९९१) आहे, सजगता हे तिच्यातील एक कौशल्य. गंभीर मनोविकार असलेल्यांना विपश्यना शिबिरात सहसा घेत नाहीत.