तळटीप ७ : किआंती

टस्कनीत फ्लॉरेन्स आणि सिएना या शहरांमधल्या डोंगराळ मुलखातली तांबडी वाइन. लेखकाच्या पात्रांकडे ती रोजच्या जेवणात असते, त्यावरून त्यांच्या श्रीमंतीचा अंदाज बांधू नये. तिथे साध्या घरांतही ती पाण्याच्या जगाशेजारी ठेवलेली असे.

या वाइनचे आजचे रूप घडवण्यात गायोले गावाजवळच्या ब्रोलिओ किल्ल्याच्या रिकासोली घराण्याचा वाटा सर्वांत मोठा. किल्ला ११४१ पासून त्यांच्याकडे आहे. कावूरनंतर इटलीचे पंतप्रधान झालेले बेत्तिनो रिकासोली (१८०९–१८८०) यांनी अनेक वर्षे द्राक्षांवर प्रयोग केले आणि १८७२ मध्ये पिसा विद्यापीठातील प्राध्यापक चेझारे स्तुदियाती यांना पत्राने निष्कर्ष कळवले : सुगंध आणि जोम सांजोवेझे द्राक्षाचा, त्याचा कडकपणा कानायोलोने मवाळ करावा. पांढऱ्या माल्वाझियाने वाइन हलकी, रोज पिण्याजोगी होते. मुरवत ठेवायच्या वाइनमध्ये मात्र ती टाळावी.

हा शेवटचा भेद फार मोलाचा, आणि नेमका तोच पुढे विसरला गेला. १९६७ च्या नियमांनी साऱ्याच किआंतीत १० ते ३० टक्के पांढरी द्राक्षे सक्तीची केली. वाइन पातळ झाली, नाव खालावले, आणि दोष अनेकांनी बेत्तिनोंच्या माथी मारला. तो सरळसरळ अन्याय आहे. घराण्याचा परक्या कंपन्यांकडे गेलेला व्यवसाय १९९३ मध्ये वंशज फ्रान्चेस्को रिकासोली यांनी परत मिळवला. किआंती क्लासिकोत २००६ च्या हंगामापासून पांढऱ्या द्राक्षांना मनाई आहे.
—संपा.