पिल्लू घरी आणण्याआधी १८३२ सालची ही गोष्ट वाचा

रविवारी दुपारी बोरिवलीहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, ह्याला आता तूच समजाव." ह्याला म्हणजे माझ्या भाच्याला. सहावीत आहे. दिवाळीपासून एकच टुमणं लावलंय, पिल्लू पाहिजे. गोल्डन रिट्रीव्हरचे रील बघून पाठ झालेत, पिल्लाचं नावसुद्धा ठरलंय. मेव्हणे मागून म्हणत होते, "घेऊन टाकू या, एकदाच काय तो खर्च."

हे "एकदाच" माझ्या डोक्यात अडकून बसलं. मंडळी, मुंबईत कुत्र्याचा खर्च एकदाच होऊन संपला, असं आजवर कधी झालेलं नाही. ज्याने भरायला हवा त्याने भरला नाही, तर तो दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर बसलाय. जवळपास दोनशे वर्षांचा हा हिशेब आहे. भाच्याला समजावण्याच्या निमित्ताने तुम्हालाही सांगतो.

साल १८३२. मुंबई म्हणजे तेव्हा किल्ला आणि आजूबाजूची वस्ती. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सगळी साष्टीतली गावं. शहरात मोकाट कुत्री फार झाली म्हणून कंपनी सरकारने ती मारायचा नियम आधीच केलेला होता, पण तो वर्षातल्या ठराविक उन्हाळी दिवसांपुरता. १८३२ मध्ये ही मुदत जूनपर्यंत वाढवली आणि एका कुत्र्यामागे आठ आणे इनाम. आठ आणे त्या काळात लहान रक्कम नव्हती. मग जे व्हायचं तेच झालं. इनामाच्या लोभाने शिपाई दिसेल ते कुत्रं मारायला लागले. पाळलेलं कोणतं, भटकं कोणतं, बघायला वेळ कुणाला? घरांच्या आवारात शिरून कुत्री ओढून नेल्याच्याही तक्रारी झाल्या.

पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान आहे. माणूस गेला की त्याच्या अंत्यविधीत कुत्र्याची नजर मृतदेहावर पडावी लागते, त्याला 'सगदीद' म्हणतात. त्यात नेमका त्यांचा सणाचा दिवस. ६ जूनला पारशी जमाव शिपायांवर धावून गेला. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद. हिंदू, जैन, मुसलमानही हरताळात उतरले. साहेबलोकांचा पाव, मटण, पाणी अडवलं. कुलाब्याच्या छावणीपर्यंत रसद पोचेना. शेवटी लष्कर आणावं लागलं, धरपकड झाली, काहींना शिक्षाही झाल्या. इंग्रजी अमलातल्या मुंबईतली पहिली मोठी दंगल म्हणून जिची नोंद होते, ती ही. कुत्र्यांवरून झालेली!

पण मला दंगलीपेक्षा तिच्या नंतरची गोष्ट महत्त्वाची वाटते. जमशेटजी जीजीभॉय आणि इतर शेटिया मंडळींनी मध्यस्थी केली. कुत्री मारू नका, पकडून बाहेर हलवा, असा तोडगा पुढे आला. पण हलवायची कुठे? त्यांना खायला कोण घालणार? भावना दुखावणं सोपं असतं, रोजची भाकरी घालणं अवघड. त्या मंडळींनी मात्र नुसती भावना दाखवून हात झटकले नाहीत. १८३४ मध्ये जमशेटजी आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. तिच्यासाठी व्यापाऱ्यांनी आपल्याच मालावर 'लाग' बसवून घेतला. म्हणजे व्यवहार झाला की त्यातला थोडा पैसा जनावरांसाठी बाजूला. एक दिवस नाही, एक वर्ष नाही, कायमचा.

जीव वाचवा म्हणणाऱ्यांनी त्याच्या पोटाची जबाबदारीही घेतली. ही मुंबईची जुनी रीत.

पुढे तीच रीत चालू राहिली. १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था मुंबईत निघाली. त्यानंतर दहाएक वर्षांत दिनशॉ पेटिट यांच्या मदतीने परळला त्यांच्या पत्नीच्या नावाने, बाई साकरबाई यांच्या नावाने, प्राण्यांचं रुग्णालय उभं राहिलं. १८८६ मध्ये तिथेच पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. आजही उपनगरातली कितीतरी माणसं आजारी कुत्रं टॅक्सीत घालून परळ गाठतात.

दुसरीकडे पालिकेचं मारणंही थांबलं नव्हतं. वर्षानुवर्षं मोकाट कुत्री पकडून विजेच्या धक्क्याने मारली जायची. तरी रस्ते काही रिकामे झाले नाहीत. १९९४ पासून पालिका निर्बीजीकरणाकडे वळली, २००१ मध्ये केंद्राचे नियम आले, २०२३ मध्ये ते नव्याने आले. २०१४ च्या गणनेत मुंबईत ९५,१७२ भटकी कुत्री मोजली गेली. आणि गेल्या वर्षी, २०२५ च्या ऑगस्टमध्ये, सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली कुत्री उचलून निवाऱ्यात न्यायला सांगितलं, अकरा दिवसांत तो आदेश बदलून नसबंदी-लसीकरणानंतर पुन्हा जागेवर सोडायला सांगितलं. हलवायची कुठे आणि खायला घालणार कोण, हा १८३२ चाच प्रश्न. एकशे त्र्याण्णव वर्षं झाली, उत्तर तेवढंच अवघड.

तुम्ही म्हणाल, हे सगळं भटक्यांचं. आमच्या पिल्लाचा काय संबंध?

आहे. रस्त्यावर दिसणारं प्रत्येक कुत्रं रस्त्यावर जन्मलेलं नसतं. २००३ च्या सुमारास मोबाईल कंपनीच्या एका जाहिरातीत छोट्या मुलामागे धावणारा पग आला. देशभर पगची लाट आली. चपट्या नाकाच्या या जातीला आपल्या दमट उन्हाळ्यात श्वास घेताना त्रास होतो, हे जाहिरातीत कुठून कळणार? मार्च २०२० मध्ये प्राण्यांपासून करोना होतो अशी अफवा उठली आणि लोकांनी पाळलेली जनावरं सोडून दिली. 'सोडू नका' असं सरकारी यंत्रणांना सांगावं लागलं. मुलुंड कॉलनीच्या पुढे डोंगराच्या बाजूला गळ्यावर पट्ट्याचा वण असलेला एक लॅब्राडोर मी स्वतः पाहिलाय. गाडी थांबली की प्रत्येक गाडीकडे धावायचा. आपली माणसं आली असतील म्हणून.

बोरिवली आणि मुलुंडकरांना आणखी एक सांगायला नको. दोघांच्या मध्ये राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या बिबट्यांच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे, हे अभ्यासकांनी दाखवलंय. उद्यानाच्या कडेला सोडलेल्या घरगुती कुत्र्याचं पुढे काय होत असेल, त्याचा विचार ज्याने त्याने करावा.

आता कायदा बघा. १९६० च्या कायद्यानुसार पाळीव जनावर विनाकारण सोडून देणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. १८३२ मध्ये कुत्रं मारण्याचं इनाम आठ आणे होतं, आज कुत्रं टाकून देण्याचा दंड वडापावच्या दोन प्लेटइतका. कायद्याच्या धाकाने हे थांबणार नाही. घरातच ठरवावं लागेल.

म्हणून मी मेव्हण्यांना फोनवरच हिशेब मांडायला लावला. पिल्लाची किंमत सोडून द्या. कुत्रं साधारण दहा ते चौदा वर्षं जगतं. खाणं, लसी, जंताची औषधं, डॉक्टर, गोचीड-पिसवांचं औषध, गावी जाताना ठेवायची सोय, हे सगळं धरून महिन्याला सरासरी चार हजार धरले, तर बारा वर्षांत पाच लाख शहात्तर हजार होतात. मोठं आजारपण किंवा ऑपरेशन वेगळं. मेव्हणे गप्प झाले.

पैशापेक्षा अवघड भाग वेगळाच. सुरुवातीच्या लसी ठरल्या दिवशीच द्याव्या लागतात, त्या पुऱ्या होईपर्यंत पिल्लाला बाहेर फिरवता येत नाही. रेबीजची लस दरवर्षी. पावसाळ्यात साचलेलं पाणी आणि उंदीर म्हणजे लेप्टोची भीती, कुत्र्यालाही आणि माणसालाही. पालिकेचा परवाना काढायचा, तो लसीच्या दाखल्याशिवाय मिळत नाही. लसीकरण आणि नसबंदीची जबाबदारी मालकाची, असं २०२३ चे नियम सांगतात. सोसायटी कुत्रं पाळायला बंदी घालू शकत नाही, हे खरं. पण जिन्यात केलेली घाण आपण उचलायची, हेही तितकंच खरं. आणि मुख्य म्हणजे ७.५२ ची फास्ट पकडणाऱ्या घरात सकाळी सहाला त्याला खाली कोण नेणार? भाचा दहावीला जाईल तेव्हा कोण? बहीण म्हणाली, "मीच, अजून कोण!" हे तिने आत्ताच म्हटलं ते बरं झालं.

मी भाच्याला नाही म्हणालो नाही. एवढंच म्हणालो, "हे बघ, जमशेटजींनी कुत्र्यांसाठी कायमचा लाग लावून घेतला होता. तू काय लाग लावतोस?" तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, "मामा, संध्याकाळचं फिरवणं माझं. क्लास असला तरी." म्हटलं, तीन महिने रोज संध्याकाळी कुत्र्याविना तेवढंच चालून दाखव. चाललास तर मी स्वतः येतो, आणि दुकानात न जाता आधी एखाद्या निवाऱ्यात दत्तक द्यायचं पिल्लू बघू. आपलं रस्त्यावरचं देशी पिल्लूही तितकाच जीव लावतं आणि इथल्या हवेला सरावलेलं असतं.

काल त्याचा मेसेज आला. "मामा, दिवस चौथा. पाऊस होता तरी गेलो."

बघू या. दत्ताच्या तसबिरीतल्या चार कुत्र्यांना आपण रोज हात जोडतो. त्यातल्या एकाला घरी आणायचं असेल, तर आधी बारा वर्षांचा शब्द द्यावा लागतो. तुमच्या घरी असा शब्द कुणी दिला आणि शेवटपर्यंत पाळला, ते जरूर लिहा. भाच्याला वाचून दाखवीन.