स्वित्झर्लंडच्या ओढीची कुळकथा

१६८८ साली बाझेलच्या विद्यापीठात योहानेस होफर नावाच्या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याने वैद्यकातला एक प्रबंध सादर केला. त्यातला एक रुग्ण बर्नहून बाझेलला शिकायला आलेला तरुण होता. ताप हटत नव्हता, छातीत धडधड, अन्नावरची वासना उडालेली. त्याच्यासाठी प्रार्थना सुरू झाल्या होत्या. अखेर औषध घेऊन आलेल्या माणसाने ओळखलं की याला घर हवंय. घरी पाठवायचं ठरल्याबरोबर पोराच्या अंगात जीव आला आणि बाझेल मागे पडल्यावर तो वाटेतच सावरला. दुसरी रुग्ण खेड्यातली एक मुलगी होती. पडून दुखापत झाल्यामुळे तिला इस्पितळात ठेवलं होतं. ती औषध घेईना, घास घेईना. ‘मला घरी जायचंय’ एवढंच म्हणत राहिली. घरी नेल्यावर बरी झाली. होफरने या दुखण्याला ग्रीक शब्द जोडून ‘नोस्टॅल्जिया’ असं नाव दिलं.

आज जगभरातली माणसं ज्या देशाच्या ओढीने पैसे साठवतात, त्या देशाची ओढ आजार म्हणून पहिल्यांदा नोंदली गेली ती अशी, तिथल्याच पोरांची.

त्या काळी हा मुलूख गरीब होता. डोंगरउताराची जमीन, लांबलचक हिवाळा, घरात खाणारी तोंडं जास्त. मग धाकटे मुलगे परक्या राजांच्या सैन्यात भाड्याने लढायला जात. फ्रान्सच्या राजांकडे स्विस पलटणी होत्या. पोपचा स्विस पहारा तर १५०६ पासून आजतागायत चालू आहे. ही पोरं सपाट मुलखात गेली की झुरायची, म्हणून पुढे या दुखण्याला ‘स्विस आजार’च म्हणू लागले. झुरिकचे निसर्गअभ्यासक योहान याकोब शॉइख्झर यांना आपल्या माणसांना कुणी हळवं म्हणणं मान्य नव्हतं. त्यांनी कारण हवेत शोधलं: उंचावरच्या विरळ हवेत वाढलेल्या शरीरावर खालच्या जड हवेचा दाब पडतो, तेव्हा रुग्णाला टेकडीवर किंवा उंच मनोऱ्यात ठेवा. कारण चुकलं, पण पोराला उंचावर न्या हा सल्ला किती मायेचा! गुराखी गाईंना हाक देताना जी धून गात, ती पलटणीत वाजवायला बंदी होती, असं विचारवंत रूसोने आपल्या संगीतकोशात लिहून ठेवलं आहे. ती ऐकली की सैनिक रडत, पळून जात, कधी मरतही, असं तो म्हणतो.

बाहेरच्या लोकांना मात्र हे डोंगर मुळीच आवडत नसत. इटलीला जाताना ते आडवे येत, म्हणून ओलांडावे लागत. रस्ते वाईट, दरडींची भीती. शॉइख्झरांसारख्या विद्वानानेसुद्धा आल्प्समध्ये ड्रॅगन पाहिल्याच्या साक्षी गंभीरपणे गोळा करून छापल्या होत्या. अशा ठिकाणी मौजेखातर कोण जाईल?

ही नजर बदलायला दोन पुस्तकं कारण झाली. बर्नचे वैद्य आणि वनस्पतिशास्त्रज्ञ अल्ब्रेख्त फॉन हालर १७२८ मध्ये डोंगरांत हिंडले आणि १७३२ मध्ये त्यांची ‘आल्प्स’ ही दीर्घ कविता छापून आली. त्यात शिखरांपेक्षा जास्त कौतुक आहे ते तिथल्या साध्या, कष्टाळू माणसांचं. १७६१ मध्ये रूसोची ‘ज्युली’ ही कादंबरी आली आणि युरोपने ती अक्षरशः उचलून धरली. कादंबरीतलं क्लॅरान्स हे जिनिव्हा सरोवराकाठचं गाव पाहायला वाचक पुस्तक हातात घेऊन येऊ लागले. रूसो मूळचा जिनिव्हाचा आणि आयुष्याचा मोठा भाग परमुलखात काढलेला. मला वाटतं, या कुळकथेतला खरा सांधा इथे आहे. घर दुरावलेल्या माणसाने लिहिलं आणि ज्यांचं ते घर कधीच नव्हतं त्यांना तिकडची ओढ लागली.

मग पाहुण्यांसाठी संस्कृतीही सजू लागली. १८०५ मध्ये इंटरलाकेनजवळ उनस्पुनेनला गुराख्यांचा उत्सव भरवला गेला: कुस्ती, दगड फेकण्याची स्पर्धा, आल्पहॉर्न नावाच्या लांब लाकडी शिंगाचं वादन. १८०८ मध्ये तो पुन्हा भरला तेव्हा लेखिका मादाम द स्ताल पाहायला हजर होत्या. आल्पहॉर्न वाजवणारे तेव्हा इतके कमी उरले होते की १८२० च्या दशकात बर्नच्या एका मोठ्या अधिकाऱ्याने नवी वाद्यं करवून घेतली आणि तरुणांना ती शिकवण्याची सोय केली. याला कुणी देखावा म्हणेल. मी म्हणणार नाही. पाहुण्यांच्या हौसेमुळे एक मरू घातलेलं वाद्य वाचलं, हे मोलाचं आहे.

पण याच चित्रातून एक गोष्ट गळून पडली. १८१६ साली उन्हाळाच आला नाही. इंग्रज कवी लॉर्ड बायरन त्या जूनमध्ये जिनिव्हा सरोवराकाठी शियॉनचा किल्ला पाहून कविता लिहीत होते, आणि त्याच देशाच्या पूर्व भागात पुढे पिकं बुडून दुष्काळ पडला. तीन वर्षांनी सुमारे दोन हजार स्विस माणसं कायमची ब्राझीलला निघाली. वाटेत शेकडो दगावली. उरलेल्यांनी तिकडे नोव्हा फ्रिबुर्गो वसवलं.

आल्प्स पाहायची श्रीमंतांची हौस मध्यमवर्गाच्या हाती दिली ती सहली नेणाऱ्या टॉमस कुक यांनी. जून १८६३ मध्ये त्यांची पहिली स्वित्झर्लंड सहल लंडनहून निघाली. त्यात यॉर्कशरच्या जेमायमा मॉरेल होत्या. त्यांची रोजनिशी दुसऱ्या महायुद्धानंतर सापडली आणि १९६३ मध्ये छापली गेली, म्हणून आपल्याला ती सहल जवळून दिसते. पहाटे उठायचं, खेचरावर किंवा पायी चढायचं, घोळदार लांब झगे सावरत हिमनदीवरून चालायचं, गेम्मी खिंडीच्या कड्यात कोरलेल्या वाटेने उतरायचं. रिगी डोंगरावर सूर्योदयासाठी अंधारात उठून कुडकुडत उभं राहायचं. आपल्या आजच्या ग्रुप टूरचं सगळं वेळापत्रक तिथे तयार दिसतं, फक्त बस नाही.

आठ वर्षांनी रिगीवर पायी चढायची गरजही संपली. निक्लाउस रिगेनबाख यांनी दोन रुळांच्या मधोमध एक तिसरा रूळ टाकला, जमिनीवर आडवी ठेवलेली लोखंडी शिडीच जणू. इंजिनाखालचं दातेरी चाक तिच्या एकेका पायरीत अडकतं आणि गाडी न घसरता उभा चढ चढते. २१ मे १८७१ ला सुरू झालेली ही युरोपातली पहिली दातेरी डोंगरगाडी. १ ऑगस्ट १९१२ ला आयगर आणि म्योंख या पर्वतांच्या पोटातून रेल्वे थेट ३,४५४ मीटरवरच्या युंगफ्राउयोखला पोचली. सोळा वर्षं बोगदा खणला जात होता आणि स्फोटांत मजूर मेले होते.

आपल्याकडे ही ओढ आली ती मुंबईच्या सिनेमातून. राज कपूर यांचा ‘संगम’ १९६४ मध्ये युरोप दाखवून गेला खरा, पण तेव्हा आपल्या बर्फाची आणि दऱ्यांची भूक काश्मीर भागवत होतं. १९८९ नंतर काश्मीर पेटलं, चित्रीकरणं थांबली. १९८९ मध्येच आलेल्या यश चोप्रांच्या ‘चांदनी’त स्विस कुरणं होती. मग १९९३ चा ‘डर’, आणि १९९५ मध्ये ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’, ज्यातलं सानेन गाव आणि त्स्वाइझिमेनचं स्टेशन शोधत आपली माणसं आजही जातात. हा चित्रपट मराठा मंदिरला वीस वर्षांहून अधिक काळ रोज लागत होता. इंटरलाकेनने २०१६ मध्ये यश चोप्रांचा पुतळा उभारला. रूसोचं पुस्तक घेऊन क्लॅरान्सला जाणारा वाचक आणि सानेनच्या पुलावर फोटो काढणारं डोंबिवलीचं जोडपं यांत मला काही फरक दिसत नाही. दोघांची ओढ तितकीच खरी आहे. तिला हसू नये.

एकच विनंती. इंटरलाकेनला मुक्काम असेल तर टूरवाल्याकडून अर्धा दिवस मागून घ्या आणि ब्रिएंत्सजवळच्या बालेनबर्गला जा. एप्रिल ते ऑक्टोबर ते उघडं असतं. देशभरातली शंभरावर जुनी घरं तिथे उचलून आणून जशीच्या तशी उभी केली आहेत. धुराने काळवंडलेली स्वयंपाकघरं, बुटकी दारं, एका खोलीत झोपणारं अख्खं कुटुंब. पलटणीत भरती होऊन घरासाठी झुरणारी पोरं अशाच घरांतून निघाली होती.