मोटारीची तहान

मोटारीचा इतिहास बहुधा तिच्या वेगाचा म्हणून सांगितला जातो. परंतु तो तितकाच तिच्या तहानेचाही आहे. इंधनाच्या उष्णतेचा अल्प भागच चाकें फिरवितो. उरलेल्या उष्णतेस वाट मिळाली नाहीं, तर यंत्र स्वतःच जळून निकामी होतें.

सन १८८८ च्या ऑगस्टमध्यें बर्था बेंझ या बाई दोन मुलांसह, पतीनें बनविलेली तीनचाकी मोटार घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाल्या. त्या गाडीचें यंत्र पाण्याची वाफ होऊनच निवत असे. म्हणून वाटेंत वारंवार पाणी भरावें लागलें. या तहानेवर खरा तोडगा काढला विल्हेल्म मायबाख यांनीं. १९०० च्या अखेरीस तयार झालेल्या मर्सिडीझ गाडीस त्यांनीं मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसविला. त्याच्या ८,०७० बारीक नळ्यांतून हवा वाही आणि भोंवतीं खेळणारें पाणी निवून पुनः यंत्राकडे जाई. अवघ्या ९ लिटर पाण्यावर काम भागूं लागलें.

पण पाणी असें दृष्टीआड झालें, आणि निदानाचा प्रश्न उभा राहिला. १९१२ च्या सुमारास अमेरिकेंत हॅरिसन बॉइस यांनीं रेडिएटरच्या टोपणावर बसणारा उष्णतामापक पुढें आणला. कालांतरानें मापक चालकासमोर आला व त्याचें टोक पाण्यांत बुडालें. मेख येथेंच आहे. पाणी गळून गेलें कीं तें टोक कोरडें पडतें, आणि यंत्र भाजत असतांही कांटा खालींच राहूं शकतो. कांटा पाण्याचें उष्णतामान सांगतो. पाणी आहे कीं नाहीं, हें सांगत नाहीं.

म्हणून घरच्या परीक्षेचा आरंभ पाण्यापासून करावा, आणि तोही यंत्र पूर्ण थंड असतां. तापलेल्या यंत्राचें टोपण कदापि उघडूं नये. आंतील दाबामुळें पाणी १०० अंशांपुढें जाऊनही उकळत नाहीं, आणि टोपण सैल होतांच उसळून अंगावर येतें. पातळी उतरली असल्यास गाडीखालची जमीन पाहावी. जमीन कोरडी, पण तेल दुधाळ झालेलें दिसलें, तर पाणी आंतच तेलांत मिसळत आहे. मग गाडी सुरूच करूं नये. पातळी ठीक असून गाडी केवळ उभी असतां तापत असेल, तर पंख्याकडे पाहावें. वरची नळी कढत आणि खालची थंडच राहिली, तर थर्मोस्टॅट अडकल्याचा किंवा प्रवाह तुंबल्याचा संशय घ्यावा.

आठवड्यांतून एकदां, सकाळीं गाडी काढण्यापूर्वीं, टाकीवरच्या दोन खुणांमध्यें पाणी आहे ना, एवढें पाहिलें तरी पुष्कळ अनर्थ टळतो.