दार लावून गायचं संगीत

साल १५९५, एसेक्स परगण्यातलं इंगेटस्टोन हॉल. जिना चढून या आणि आधी दार लावून घ्या. सर जॉन पीटर यांच्या या वाड्यात भिंतीच्या पोटात माणूस मावेल अशी जागा ठेवलीय. धाड पडली तर कॅथलिक धर्मगुरूंना तिथे लपवायचं. १५८५च्या कायद्याने त्यांना थारा देणाऱ्यालाही फाशी आहे.

टेबलाशी बसलेले पंचावन्नच्या आसपासचे गृहस्थ म्हणजे संगीतकार विल्यम बर्ड. लंडन सोडून ते जवळच्याच स्टॉन्डन मॅसी गावात राहायला आलेत. प्रॉटेस्टंट राणी एलिझाबेथच्या रॉयल चॅपलचे वादक, आणि पक्के कॅथलिक! राणीला हे ठाऊक नसेल असं समजू नका. १५७५ साली बर्ड आणि थॉमस टॅलिस यांना संगीत छापायचा २१ वर्षांचा मक्ता एलिझाबेथनेच दिला. प्रॉटेस्टंट चर्चला गैरहजर राहणाऱ्यांच्या यादीत बर्डचं नाव येत राहतं, नोकरी मात्र शाबूत.

तुमच्या हातात पातळसं पुस्तक दिलंय. त्यावर ना शीर्षक-पान, ना छापणाऱ्याचं नाव, ना साल. आत फक्त तुमचीच ओळ. बाकी तिघांची त्यांच्या त्यांच्या पुस्तकात. मात्रा मोजायला उभ्या रेघाही नाहीत. इतरांकडे कान ठेवला नाहीत तर हरवलातच.

बर्डची चार आवाजांची मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासनेचं संगीत, सुरू होते. ऑर्गनचे उस्ताद समोर असून ऑर्गनची गरज नाही. तिचा शेवटचा भाग ‘आग्नुस देई’ दोनच आवाज उचलतात, बाकीचे मागून येतात. शेवटी शांतीची याचना येते तेव्हा तुम्ही सूर धरून ठेवता, शेजारचा आपला सूर हलवतो, दोन्ही एकमेकांना बोचतात. तुम्ही एक पायरी उतरून नमतं घेता, तोवर तिसऱ्याने नवी बोच काढलेली असते. टॅलिसने ४० आवाजांची रचना केली, तिचा दरारा आहेच. पण मला विचाराल तर या बंद खोलीच्या मापाने बेतलेले चार आवाज जास्त आत जातात.

दहा वर्षांनी बर्डची ‘ग्रादुआलिया’ ही कॅथलिक उपासनेच्या रचनांची पुस्तकं जवळ सापडली म्हणून शार्ल द लिन्यी नावाचा फ्रेंच माणूस न्यूगेटच्या तुरुंगात जाईल. बर्डना कुणी हात लावणार नाही. १६०७मध्ये ते ‘ग्रादुआलिया’चा दुसरा भाग छापतील, चक्क स्वतःच्या नावानिशी आणि याच घरमालकांना अर्पण करून.