गटारातून घरात

मुंबईच्या मांडवी भागात सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचे रोगी ओळखले, तेव्हा म्युनिसिपालिटीची पहिली धाव गटारांकडे गेली. दुर्गंधीतून रोग उपजतो हा त्या काळचा दृढ समज. म्हणून समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक अॅसिड यांनी शहरातील गटारे दिवसामागून दिवस धुऊन काढण्यात आली. घरेही धुतली, चुन्याने सारवली. एवढे होऊनही रोग हटला नाही. पुढे कित्येकांनी असेही म्हटले की, या धुण्याने गटारांतले उंदीर बिथरून घरांत शिरले आणि साथीला हातभारच लागला.

हा आक्षेप मोजमापाने सिद्ध करणे आज शक्य नाही. पण तो अगदी निराधार आहे असे आम्हांस वाटत नाही. मांडवीच्या धान्याच्या वखारींतून मेलेले उंदीर सापडत होते, ही गोष्ट लपलेली नव्हती. यर्सिन यांनी हाँगकाँगमध्ये १८९४ सालीच रोगाचे जंतू शोधले होते आणि मेलेल्या उंदरांचीही नोंद केली होती. गढवाल-कुमाऊंतल्या डोंगरी खेड्यांत तर घरात उंदीर मरू लागले की लोक गाव सोडून रानात राहावयास जात. त्यांना जंतू ठाऊक नव्हता, पण खूण ठाऊक होती. मुंबईच्या कचेऱ्यांतून मात्र वासाची चौकशी झाली, उंदराची झाली नाही. पुढल्या वर्षी पुण्यात घरझडतीने जे रामायण घडले ते सर्वश्रुतच आहे.

पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत प्रयोग करून उंदरावरची पिसू हाच रोगाचा दूत, असे दाखविले. त्यांच्यावर विश्वास ठेवणारे फार थोडे निघाले. १९०५ मध्ये प्लेगच्या संशोधनासाठी नवे मंडळ नेमले गेले. परळच्या प्रयोगशाळेत त्याने एक लाखाहून अधिक उंदीर तपासले. हे काम किती कंटाळवाणे असेल, याची कल्पना रोज शेकडो कागद चाळणाऱ्या आमच्या वाचकांना सहज येईल. प्लेग असलेल्या खोपटात गिनीपिग जमिनीपासून दोन इंचांवर टांगले, तर त्यांना रोग होई. दोन फुटांवर टांगले, तर होत नसे. पिसवेची उडी तेवढी उंच जात नाही!

पण आमच्या विषयाला अधिक मोलाचे ठरते ते त्या मंडळाचे दुसरे निरीक्षण. मुंबईत उंदीर मुख्यतः दोन जातींचे. एक तपकिरी, थोराड, गटारांत आणि घरगल्ल्यांत राहणारा. त्याला पुष्कळ लोक घूस म्हणतात, पण खरी घूस निराळी. दुसरा काळसर, चपळ, कौलांत व माळ्यावर, माणसाच्या अगदी शेजारी नांदणारा. रोग आधी गटारी उंदरांत भडके, सुमारे दहा दिवसांनी घरच्या उंदरांत उतरे आणि त्यानंतर दहा-चौदा दिवसांनी माणसांत. गटारे ही रोगाची वाट होती खरी; फक्त त्या वाटेने दुर्गंधी नव्हे, पायांचे प्राणी चालत होते. म्युनिसिपालिटीने बोट ठेवले ते ठिकाण चुकले नव्हते. त्याचे कारण मात्र चुकले होते.

दोन घरांमधली अरुंद घरगल्ली म्हणजे या दोन जातींच्या भेटीचे ठिकाण. मोऱ्यांचे पाणी तिथेच उतरे, खरकटेही तिथेच पडे. मोरीच्या तोंडाला जाळी नसली की खालचा वर येई.

जुन्या सरकारी वसाहतींत राहणाऱ्या आपल्या मंडळींना हा इतिहास निव्वळ इतिहास वाटू नये. नळाच्या बाकात पाणी साठून राहते व वास अडतो, एवढ्यावर पुष्कळजण निर्धास्त असतात. गटारी उंदीर उत्तम पोहतो. ते पाणी तो बुडी मारून ओलांडतो. जाळी लोखंडी हवी, तिची छिद्रे अर्ध्या इंचाहून लहान हवीत आणि ती पक्की बसविलेली हवी. लाकूड, चिंध्या, नुसती माती यांचा उपयोग नाही. तो कुरतडतो, उकरतो. सर्वांत अनर्थकारक म्हणजे नवा नळ टाकल्यावर जमिनीत तसाच सोडून दिलेला जुना नळ. घराच्या बाजूचे त्याचे तोंड सिमेंटने बुजवून काम संपले असे कंत्राटदार सांगतो. पण मुख्य गटाराकडचे टोक उघडे राहिले, तर मधली सारी पोकळी उंदरांना वसतीला मिळते, आणि फुटलेल्या सांध्यातून ते जोत्याखाली बिळे पाडतात. दोन्ही टोके बुजवून घ्यावीत, आणि ती बुजवताना स्वतः उभे राहावे.